कॉलमच्या नावांवर अडणारी स्क्रिप्ट: दोष कुठे शोधायचा आणि कसा काढायचा

कॉलमचं नाव चुकलं की स्क्रिप्ट दोनपैकी एका तऱ्हेने वागते. एक तर तिथल्या तिथे बंद पडते आणि लाल अक्षरांत ओरडते. नाहीतर चकार शब्द न काढता शेवटपर्यंत जाते आणि अहवालात भलताच आकडा उमटतो. पहिला प्रकार दहा मिनिटांत निस्तरता येतो. या लेखाचा बराचसा भाग दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

उदाहरणं मुख्यतः पांडाज (पायथनची टेबलं हाताळणारी लायब्ररी) आणि एसक्यूएलची (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आहेत. आर आणि स्पार्क गरजेपुरते येतील. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, स्क्रिप्टमध्ये ती मूळ इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करा.

आधी हाताशी घ्या

- मूळ फाइल, एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह न केलेली. एक्सेलच्या एका सेव्हमध्ये तारखांचं रूप, सुरुवातीची शून्यं आणि एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत), तिन्ही बदलू शकतात. मग तुम्ही भलत्याच फाइलचा तपास करत बसता.
- अदृश्य अक्षरं दाखवू शकणारा टेक्स्ट एडिटर.
- डेटा शेवटी कुठे कुठे जाणार त्याची यादी: डेटाबेस, पार्के फाइल (डेटा कॉलमवार साठवणारा फाइलप्रकार), मॉडेल, एक्सेल.
- तुमच्या स्क्रिप्टला नेमके कोणते कॉलम लागतात त्यांची यादी. बहुतेक ठिकाणी ती फक्त कोडमध्ये विखुरलेली असते. एका जागी लिहून काढा.
- याच प्रकारची आधी नीट चाललेली एखादी फाइल, तुलनेसाठी.

१. एरर नेमकं काय म्हणतोय ते वाचा

एसक्यूएल सर्व्हर २०७ क्रमांकाचा एरर देतो, 'इनव्हॅलिड कॉलम नेम'. हे वाचून लोक नावातली चूक शोधू लागतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नावात काही खोट नसते. त्या क्वेरीला त्या क्षणी ते नाव सापडत नाही, एवढंच. मायएसक्यूएल हीच गोष्ट १०५४ क्रमांकाने 'अननोन कॉलम' म्हणून सांगतो आणि पांडाज नुसता 'कीएरर' फेकतो.

२०७ आला आणि स्पेलिंग बरोबर असेल, तर या क्रमाने बघा:

- मजकुराला दुहेरी अवतरण दिलंय का? एसक्यूएलमध्ये मजकूर एकेरी अवतरणात जातो. दुहेरी अवतरणातली गोष्ट नाव समजली जाते, आणि त्या नावाचा कॉलम अर्थातच नसतो.
- सिलेक्टमध्ये दिलेलं टोपणनाव व्हेअरमध्ये वापरलंय का? व्हेअरचा विचार सिलेक्टच्या आधी होतो, त्यामुळे तिथे ते नाव अजून जन्मलेलंच नसतं.
- अल्टर टेबलने कॉलम जोडून त्याच बॅचमध्ये लगेच अपडेट केलंय का? अपडेटची तपासणी नवा कॉलम जोडला जाण्याआधीच होते. मध्ये 'गो' टाकून बॅच वेगळी करा.
- क्वेरी चालते आणि मॅनेजमेंट स्टुडिओ मात्र लाल रेघ मारतोय? त्याची जुनी स्मृती आहे ती. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा.

आता गप्प बसणाऱ्या चुकांमधला सगळ्यात वाईट प्रकार. समजा ऑर्डरच्या टेबलातून काही ग्राहकांच्या ओळी काढायच्या आहेत आणि त्या ग्राहकांची यादी दुसऱ्या टेबलात आहे. तुम्ही लिहिता: ग्राहक_क्रमांक ज्यांचा 'यादीतून सिलेक्ट केलेल्या ग्राहक_क्रमांकां'मध्ये आहे ते डिलीट करा. पण यादीच्या टेबलात कॉलमचं नाव नुसतं 'क्रमांक' आहे. एरर येईल असं वाटतं. येत नाही. आतल्या क्वेरीला ते नाव आपल्या टेबलात मिळालं नाही की ती बाहेरच्या टेबलात बघते, तिथे ते असतंच, आणि मग प्रत्येक ओळीची तुलना स्वतःशीच होते. यादीत एक जरी ओळ असली, तरी ग्राहक क्रमांक भरलेली प्रत्येक ऑर्डर उडते. उपाय सोपा आहे: आतल्या क्वेरीत प्रत्येक कॉलमच्या आधी टेबलचं टोपणनाव लावा. मग चुकीचं नाव लगेच पकडलं जातं.

२. नाव जसं आहे तसं डोळ्यांखाली घाला

डेटाफ्रेम (पांडाजमधलं टेबल) छापून नावं तपासू नका. टेबलाच्या मांडणीत नावाच्या मागची-पुढची रिकामी जागा दिसतच नाही. कॉलम्सची लिस्ट बनवून ती छापा, म्हणजे प्रत्येक नाव अवतरणात येतं आणि अदृश्य अक्षरं सांकेतिक रूपात उघडी पडतात. काय दिसलं तर काय समजायचं:

- शेवटी रिकामी जागा: नेहमीचा यशस्वी गुन्हेगार. स्ट्रिप (कडेच्या रिकाम्या जागा काढणारं फंक्शन) लावा.
- बॅकस्लॅश आणि एन: हेडरच्या सेलमध्ये ऑल्ट-एंटर मारून ओळ तोडलेली आहे.
- एक्सए०: नॉन-ब्रेकिंग स्पेस, बहुधा वेबपेजवरून चिकटवलेला. पायथनचं स्ट्रिप कडेचा काढतं. मधला तसाच राहतो आणि साध्या स्पेसशी जुळत नाही.
- यू२००बी: शून्य रुंदीची स्पेस. हिला पायथन स्पेस मानत नाही, त्यामुळे स्ट्रिपने ती हलत नाही. नाव घेऊनच काढावी लागते.
- यूएफईएफएफ, तेही फक्त पहिल्या नावाला: बीओएम, म्हणजे बाइट ऑर्डर मार्क. यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला बसणारे ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट.

बीओएमबद्दल थोडं जास्त. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलेल्या फाइलला तो असतो. पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलने ती फाइल साध्या यूटीएफ-८ने वाचली की पहिल्या कॉलमच्या नावाला तो चिकटून येतो. बाकी सगळे कॉलम चालतात, फक्त पहिला 'सापडत नाही', आणि स्क्रीनवर तर नाव अक्षर न अक्षर बरोबर दिसतं. एन्कोडिंग म्हणून 'यूटीएफ-८-सिग' द्या. बीओएम नसलेली फाइलही त्याने व्यवस्थित वाचली जाते, त्यामुळे कायमचं तेच ठेवायला हरकत नाही.

काही खुणा फाइलच्या नसतात, वाचणाऱ्या लायब्ररीच्या असतात. पांडाजमध्ये 'अननेम्ड: ०' दिसलं तर हेडरचा तो खाना रिकामा होता, बहुतेक वेळा कुणीतरी इंडेक्ससकट (ओळींच्या क्रमांकांसकट) सीएसव्ही लिहिलेली असते. लिहिताना इंडेक्स फॉल्स द्या, नाहीतर वाचा-लिहा करताना दर फेरीला अशा एका कॉलमची भर पडत जाते. नावाच्या शेवटी '.१' दिसलं तर मूळ फाइलमध्ये तेच नाव दोनदा आहे. आरमध्ये रीड.सीएसव्ही स्पेस आणि चिन्हांच्या जागी टिंब टाकतं आणि आकड्याने सुरू होणाऱ्या नावाच्या सुरुवातीला एक्स लावतं. मूळ नावं हवी असतील तर चेक.नेम्स फॉल्स करा.

आणि सगळं हेडर एकाच लांबलचक नावात अर्धविरामांनी जोडलेलं दिसलं, तर नावांची सफाई करू नका. विभाजक चुकलाय.

३. नियम मुक्कामावरून ठरवा

नाव कसं असावं हे पांडाजला विचारून उपयोग नाही, त्याला काहीही चालतं. डेटा जिथे जाऊन थांबणार तिथले नियम बघा आणि त्यातला सगळ्यात कडक नियम सगळीकडे लावा.

लांबी: पोस्टग्रेस ६३ बाइट, मायएसक्यूएल ६४ अक्षरं, एसक्यूएल सर्व्हर १२८ अक्षरं. ओरॅकल १२.२ आवृत्तीपासून १२८ बाइट घेतं, त्याआधी ३० बाइट. पोस्टग्रेस जास्तीचं नाव एरर न देता कापतं, फक्त एक सूचना देतं, आणि ती सूचना लॉगमध्ये कुणी वाचत नाही. टेबलातून परत वाचलेलं नाव मग तुमच्या यादीतल्या नावाशी जुळत नाही.

लहान-मोठी लिपी (स्मॉल आणि कॅपिटल अक्षरं): पोस्टग्रेस अवतरणाशिवाय लिहिलेलं नाव लहान लिपीत नेतं. मायएसक्यूएल कॉलमच्या नावात फरकच मानत नाही, स्पार्कही मुळातल्या सेटिंगमध्ये मानत नाही. पांडाज मात्र मानतं. म्हणजे फक्त लिपीने वेगळे असलेले दोन कॉलम पांडाजमध्ये सुखाने नांदतात आणि टेबल बनवताना भांडतात.

चिन्हं: स्पार्कमध्ये नावातल्या टिंबाचा अर्थ 'याच्या आतलं फील्ड' असा होतो. डेल्टा टेबलात (स्पार्कबरोबर वापरला जाणारा टेबलाचा प्रकार) स्पेस, स्वल्पविराम, अर्धविराम, महिरपी आणि गोल कंस, टॅब, नवी ओळ आणि बरोबरचं चिन्ह ही नावात चालत नाहीत, कॉलम मॅपिंग चालू केलं तरच चालतात.

या सगळ्यातून निघणारा नियम कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच टिकतो: लहान लिपीतली रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर, सुरुवात अक्षराने, ६० बाइटांच्या आत.

४. सफाई एकाच फंक्शनमध्ये, ठरलेल्या क्रमाने

फाइल वाचल्यावर पहिलं काम हेच. पुढे कोडमध्ये जागोजागी रिप्लेस मारत बसू नका. क्रमाला महत्त्व आहे, तो असा:

१. प्रत्येक नाव स्ट्रिंग करा. एक्सेलमधून आलेल्या हेडरमध्ये २०२३ हा आकडा किंवा तारीख असू शकते. आकडा २०२३ आणि मजकूर '२०२३' पांडाजच्या लेखी दोन वेगळी नावं आहेत.

२. युनिकोडचं एनएफकेसी सामान्यीकरण करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणा. नॉन-ब्रेकिंग स्पेसची साधी स्पेस होते, वर लिहिलेल्या २चा साधा २ होतो.

३. शून्य रुंदीची अक्षरं आणि बीओएम काढा.

४. अर्थ वाहणारी चिन्हं शब्दांत बदला. ही पायरी लोक गाळतात. 'ग्रोथ' आणि 'ग्रोथ %' असे दोन कॉलम असतील आणि चिन्हं नुसती पुसलीत, तर दोन्हींची नावं एकच होतात. टक्क्याच्या चिन्हाचं 'पर्सेंट' करा, हॅशचं 'नंबर', अँडच्या चिन्हाचं 'अँड'.

५. लहान लिपी करा. उरलेल्या प्रत्येक नको त्या अक्षराच्या जागी अंडरस्कोर, सलग आलेल्या अंडरस्कोरचा एकच, आणि दोन्ही टोकांचे काढून टाका.

६. नाव आकड्याने सुरू होत असेल तर सुरुवातीला 'सी_' लावा. रिकामं उरलं असेल तर 'कॉलम_' आणि त्याचा अनुक्रमांक.

७. राखीव शब्द असेल तर शेपूट जोडा: ऑर्डर, ग्रुप, टेबल, यूजर. यातला यूजर खास बेरकी आहे. पोस्टग्रेसमध्ये अवतरणाशिवाय यूजर सिलेक्ट केलंत तर एरर येत नाही. प्रत्येक ओळीत, लॉगिन केलेल्या डेटाबेस खात्याचं नाव येतं.

८. लांबी कापा.

९. सगळ्यात शेवटी दुबार नावं वेगळी करा.

नववी पायरी आठवीच्या आधी केलीत तर कापताना '_२' ही शेपटीच तुटते आणि नावं पुन्हा सारखी होतात. शिवाय '_२' लावण्याआधी ते नाव आधीच घेतलेलं नाही ना, ते बघा. हेडरमध्ये 'रेट', 'रेट' आणि 'रेट_२' असे तीन कॉलम असतील, तर डोळे झाकून लावलेल्या शेपटीने दोन 'रेट_२' तयार होतात. मोकळा क्रमांक मिळेपर्यंत लूप फिरवा, आणि शेपटीची जागा धरून ६० बाइटांत बसवा.

एक नाव या चाळणीतून जाताना बघा. फाइलमध्ये आहे: रिकामी जागा, 'युनिट प्राइस', ओळ तुटली, कंसात 'यूएसडी', पुन्हा रिकामी जागा. पाचव्या पायरीनंतर उरतं 'युनिट_प्राइस_यूएसडी'. तुटलेली ओळ आणि कंस मिळून एकच अंडरस्कोर झाला, कडेच्या जागा गेल्या. बाकीच्या पायऱ्यांना इथे काही काम नाही.

आरमध्ये हे हाताने लिहायची गरज नाही, जॅनिटर पॅकेजचं क्लीन_नेम्स बरंचसं करतं. लांबी आणि राखीव शब्द मात्र तुमच्याकडेच राहतात.

५. हेडर देवनागरीत असेल तर

वरच्या पाचव्या पायरीसाठी बहुतेकजण 'शब्दातलं नसलेलं प्रत्येक अक्षर' असा रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना शोधणारं सूत्र) वापरतात, म्हणजे बॅकस्लॅश-डब्ल्यूच्या उलट. पायथनच्या आरई मॉड्यूलमध्ये या डब्ल्यूत देवनागरी व्यंजनं येतात. मात्रा, अनुस्वार आणि हलंत येत नाहीत. परिणामी 'किंमत'चं 'क_मत' होतं. 'वजन' मात्र जसंच्या तसं राहतं, कारण त्यात एकही मात्रा नाही. चाचणीला नेमका 'वजन' घेतलात तर सगळं आलबेल वाटतं.

पुढची पायरी आणखी बिकट. 'मिती' आणि 'माती', दोन्हींचं 'म_त' होतं. तारखेचा कॉलम आणि मातीच्या प्रकाराचा कॉलम एका नावाखाली येतात, दुबार काढणारी पायरी त्यातल्या एकाला '_२' लावते, आणि कुठला कुठला ते फक्त क्रमावरून ओळखायचं. गंमत म्हणजे पायथनचंच इजआयडेंटिफायर हे फंक्शन 'किंमत'ला वैध नाव मानतं. एकाच भाषेत दोन नियम.

देवनागरी ठेवायचीच असेल तर एक्स्प्रेशनमध्ये देवनागरीचा पूर्ण युनिकोड पट्टा, ०९०० ते ०९७एफ, चालणाऱ्या अक्षरांत स्पष्ट लिहा. दंड, दुहेरी दंड आणि देवनागरी आकडे याच पट्ट्यात आहेत, त्यांचं काय करायचं ते ठरवा. 'ऱ' एका अक्षराने टाइप होतो, तसाच 'र' आणि नुक्ता मिळूनही होतो. एनएफकेसी दोन्हींना एकाच रूपात आणतं. 'ऱ्य'सारख्या जोडाक्षरात दडलेला शून्य रुंदीचा जोडक मात्र ते काढत नाही, तो तिसऱ्या पायरीत काढा. दिसायला तंतोतंत सारखी दोन नावं जुळत नसतील तर संशयित हाच.

आणि लांबी. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मात्राही धरून. पोस्टग्रेसच्या ६३ बाइटांत फक्त २१ चिन्हं बसतात. 'लाभार्थ्याचे' या एका शब्दात ल, आ, भ, आ, र, हलंत, थ, हलंत, य, आ, च, ए अशी १२ चिन्हं आहेत. दुसऱ्या शब्दात नाव कापलं जाणार.

आमचं मत स्पष्ट आहे: आत रोमन नावं ठेवा, मराठी नावं अहवाल छापताना परत लावा. लिप्यंतर मशीनवर सोडू नका, प्रत्येक कॉलमचं नाव माणसाने एकदा ठरवावं. चाळीस कॉलमांना अर्धा तास लागतो.

६. जुन्या-नव्या नावांचा तक्ता आणि दारावरची तपासणी

सफाईनंतर मूळ नाव आणि नवं नाव यांची जोडी एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवा, आणि ती स्क्रिप्टबरोबरच जपा. अहवालाची शीर्षकं त्यातूनच घ्यायची.

मग अपेक्षित यादीशी तुलना करा. कमी असलेले कॉलम निघाले तर स्क्रिप्ट थांबलीच पाहिजे, आणि संदेशात दोन्ही गोष्टी छापा: कोणतं नाव हवं होतं आणि फाइलमध्ये काय काय आहे. जास्तीचे कॉलम आले तर नुसती नोंद पुरते.

पांडाजचं रीनेम इथे दगा देतं. दिलेलं जुनं नाव सापडलं नाही तरी ते तक्रार करत नाही. एरर्सला 'रेझ' द्या, मग करतं. फाइली एकाखाली एक जोडणारं कॉनकॅटही असंच: जानेवारीच्या फाइलमध्ये 'रेट' आणि फेब्रुवारीच्या फाइलमध्ये 'रेट ' असेल, तर दोन कॉलम बनतात, दोन्ही अर्धे रिकामे, आणि सरासरी एकाच महिन्याची निघते. फाइली जोडायच्या आधी प्रत्येकीची सफाई करा, जोडल्यावर नाही.

७. नाव बदलता येत नसेल तर

टेबल दुसऱ्याच्या मालकीचं असतं तेव्हा अवतरण हाच मार्ग. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये दुहेरी अवतरण, मायएसक्यूएल, बिगक्वेरी, स्पार्क आणि आरमध्ये बॅकटिक, एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकोनी कंस. पांडाजच्या क्वेरी फंक्शनमध्ये ०.२५ आवृत्तीपासून स्पेस असलेलं नाव बॅकटिकमध्ये चालतं.

एसक्यूलाइटमध्ये जपून. दुहेरी अवतरणातलं नाव सापडलं नाही तर ते सवयीने त्याला साधा मजकूर समजतं. स्पेलिंग चुकलेलं नाव मग प्रत्येक ओळीत जसंच्या तसं छापून येतं, एरर नाही.

फाइलमधून आलेलं नाव क्वेरीच्या मजकुरात थेट चिकटवू नका. मूल्यांसाठी असतात तसे पॅरामीटर कॉलमच्या नावांना चालत नाहीत, म्हणून हा मोह होतो, आणि हेडरमध्ये कुणी एसक्यूएल लिहिलं असेल तर ते चालवलं जातं. नाव आधी माहीत असलेल्या यादीत आहे का ते बघा. पोस्टग्रेससाठी सायकॉपीजी या पायथन लायब्ररीचं आयडेंटिफायर वापरा.

पांडाजमध्ये कॉलम टिंबाने न घेता चौकोनी कंसाने घ्या. 'काउंट' किंवा 'साइझ' नावाचा कॉलम टिंबाने मागितलात तर कॉलम मिळत नाही, डेटाफ्रेमची स्वतःची मेथड किंवा आकार मिळतो. इटरटपल्स वापरत असाल तर अवैध, दुबार किंवा अंडरस्कोरने सुरू होणारी नावं तिथे '_१', '_२' अशी जागेवरून बदललेली असतात, हेही लक्षात असू द्या.

८. स्क्रिप्ट स्वतः जन्माला घालते ती नावं

दारातली सफाई इथे पुरत नाही. मर्जनंतर (दोन टेबलं जोडल्यावर) समान नावांना '_एक्स' आणि '_वाय' लागतं. सफिक्सेस स्वतः द्या. ग्रुपबायमध्ये एका कॉलमवर दोन हिशेब केले की दुमजली नावं येतात. ती अंडरस्कोरने जोडून सपाट करा. पिव्हट आणि गेट_डमीज तर डेटातल्या मूल्यांचीच नावं बनवतात. वयोगटात '<३०' असं मूल्य असेल तर नावात ते चिन्ह येतं आणि एक्सजीबूस्ट ही मॉडेल बनवणारी लायब्ररी नाकारते, तिला चौकोनी कंस आणि 'पेक्षा कमी'चं चिन्ह चालत नाही. तशाच लाइटजीबीएमला दुहेरी अवतरण, स्वल्पविराम, कंस अशी जेसनमधली चिन्हं खुपतात. म्हणून चौथ्या भागातलं तेच सफाईचं फंक्शन मॉडेलच्या तोंडाशी पुन्हा एकदा चालवा.

९. एक खराब फाइल कायमची जवळ ठेवा

पाच ओळींची सीएसव्ही, हेडर मुद्दाम बिघडवलेलं: बीओएम, एक रिकामं नाव, दोन सारखी नावं आणि तिसरं त्यांच्या '_२'सारखं, शेवटी नॉन-ब्रेकिंग स्पेस, ओळ तोडलेलं एक, नुसतं '%', आकड्याने सुरू होणारं, 'यूजर', पहिली ६३ अक्षरं सारखी असलेली दोन लांब नावं, आणि 'मिती' व 'माती'. सफाईचं फंक्शन बदललं की ही फाइल त्यातून काढा आणि तीन गोष्टी तपासा: जितके कॉलम आत गेले तितकेच बाहेर आले का, सगळी नावं एकमेकांपासून वेगळी आहेत का, आणि साफ झालेली नावं पुन्हा त्याच फंक्शनमधून काढली तर जशीच्या तशी राहतात का. दुसरी तपासणी नापास झाली तर बहुधा आठवी आणि नववी पायरी उलटसुलट झालेली असते.